चौथ्या मजल्यापर्यंत सिग्नल

३ मार्च, सकाळ.
आजपासून आळस बंद. बिल्डिंगच्या इंटरनेटचा प्रश्न मीच सोडवणार. लाइन फक्त तळमजल्यावर, शिंपीकाकांच्या दुकानात. तिथून मजल्यागणिक एक पेटी. खालच्या पेटीने वरच्या पेटीला सिग्नल पोचवायचा. कुणी साहेब नाही, सगळे सारखे. प्रमुख अर्थात मी.

५ मार्च.
पेट्या बसल्या. जिन्यात शेजारधर्मावर भाषण ठोकलं. बायको म्हणाली, आटपा, लोकांना वर जायचंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर; आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर माझी ताई राहते. बारा तारखेला अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत. दहा वर्षं घरी बसल्यावर पहिलीच. तिला म्हटलं, ताई, तू निर्धास्त राहा.

८ मार्च.
पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीला जाताना पेटी बंद करून जातात. म्हणे, घरात कुणी नाही तर कशाला चालू ठेवायची? दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी पेटी फ्रिजमागे कोंबलीय, दिवा डोळ्यांत जातो म्हणून. दोघांना तासभर समजावलं. लोकांना स्वतःपलीकडे काही दिसतच नाही. कीव येते.

९ मार्च.
मॅच सारखी अडकतेय. आपल्या पेटीच्या सेटिंगमध्ये एक बटण सापडलं : ‘इतरांना सिग्नल द्या’. बंद केलं. तात्पुरतं. मॅच झकास दिसली.

१० मार्च.
ताई म्हणते, वर काहीच येत नाही. हवामानाचा परिणाम, असं सांगितलं.

११ मार्च.
उद्या तपासायच्या पेट्यांची यादी केली. काका, नर्सबाई, मास्तर. बस्स, एवढ्याच.

१२ मार्च, १०.५०.
ताईच्या दाराला कुलूप. दाराशीच फोन धरून पाहिला, तर सिग्नल नाही. खाली धावलो. नर्सबाईंनी आज मुद्दाम रजा घेतलीय, पेटी चालू. मास्तरांची पेटी टेबलावर, मास्तर काळा चष्मा लावून शेजारी. तरी दोघांना झापलं. आमच्याकडे तर फुल स्पीड!

११.२५.
बायकोने पेटीचं सेटिंग उघडून माझ्यापुढे धरलं. ‘इतरांना सिग्नल द्या’ : बंद.

१४ मार्च.
ताईला नोकरी मिळाली. मुलाखत तिने शिंपीकाकांच्या ट्रायल रूममध्ये बसून दिली. काकांनी अर्धा तास मशिन बंद ठेवलं होतं. हे सगळं तिने दहा तारखेलाच ठरवून टाकलं होतं. म्हणाली, अरे, लहानपणापासून ओळखते तुला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.