हिरव्या शाईतला प्रश्न

मंगळवार, १२ मार्च
दुपार

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. बाबांचा गुडघा आता बरा आहे. काठी घ्या म्हटलं की मात्र डोळे वटारतात. माझ्या खोलीची खिडकी सुताराने एकदाची बसवली, पण आता ती उघडतच नाही. सेमिनरीतले माझे भावी फादर परीक्षा तोंडावर आल्यामुळे एकदम भाविक झालेत. तुझा खोकला कसा आहे? वर्गात ओरडत जाऊ नकोस.

एवढं लिहून दोनदा उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो.

शनिवारी तुझा फोन आला. शाळेने चिठ्ठी दिली आहे, श्रद्धेविरुद्ध शिकवतेस म्हणून गुरुवारी समितीपुढे बोलावलंय. तू विचारलंस, "दादा, माझं नाव कुणी घेतलं असेल रे?" मी म्हणालो, "चौकशी करतो." कसली चौकशी, कपाळ माझं!

नाव मी घेतलं.

गेल्या बुधवारी बिशपांनी मला मी लिहिलेल्या आदिपापावरच्या, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापावरच्या लेखासाठी बोलावलं होतं. निघायच्या घाईत मी स्वच्छ प्रत टेबलावर विसरलो आणि तू तपासलेली प्रत घेऊन गेलो. वह्या तपासतेस तसे हिरव्या शाईत शेरे मारलेली. बिशपांनी दोन पानं वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "फादर, माणूस एकाच जोडप्यापासून आला नाही, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?"

बारा वर्षं ज्या वर्गात शिकवतोय तो वर्ग डोळ्यांपुढे आला. मी तुझ्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं. "माझी बहीण. आपल्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते. पुस्तकं तिनेच दिली."

वाक्य तोंडातून निघालं आणि मला ते ओळखू आलं. मना केलेलं फळ का खाल्लंस, असं देवाने बागेत विचारलं तेव्हा आदामानेही असंच बायकोकडे बोट दाखवलं होतं. दरवर्षी हा भाग शिकवताना मुलं त्याला हसतात. मीही हसतो.

पुस्तकं मी हट्टाने मागून नेली होती. लेखातलं वाक्यन् वाक्य माझं आहे. माणूस हजारोंच्या कळपातून हळूहळू घडला, तर एकाचं पाप सगळ्यांच्या रक्तात कसं उतरेल, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं छळतोय. म्हणून मी लिहिलं, की आपल्यापुरतं बघणं हे जनावराला जगवतं, ते पाप नव्हे. समोरचाही भुकेला आहे हे ज्या दिवशी कुणाला तरी कळलं आणि तरी त्याने घास ओढला, त्या दिवशी पाप सुरू झालं. आणि तेव्हापासून प्रत्येकजण तेच करत आलाय.

त्या परिच्छेदाशेजारी तू लिहिलं होतंस, "दादा, लाखो वर्षांपूर्वीच्या दातांवरून काय खाल्लं ते सांगता येतं. लाज कुठल्या हाडात असते? हा दिवस तू शोधणार कसा?" मी मनात म्हटलं होतं, आली मोठी शहाणी.

आज सकाळी बिशपांकडे जाऊन लेखी दिलं, की मत माझं, लेख माझा, बहिणीचं नाव मी भीतीने घेतलं. त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "समितीपुढे तोंडाने सांगाल?" सांगेन. माझा वर्ग बहुतेक जाईल. तुझी नोकरी एवढ्याने वाचेल का, ते मला माहीत नाही. आता धीर द्यायला म्हणूनसुद्धा खोटं बोलवत नाही.

मला तुझी लाज वाटली नव्हती गं, मी घाबरलो होतो. पण हे सांगून तुझं काय भलं होणार? रागाव. बोलू नकोस. मी मात्र गुरुवारी नऊ वाजता शाळेच्या फाटकाशी असेन, आणि तुझ्या आधी आत जाईन.

आणि तू विचारलेला तो दिवस सापडला. गेला बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास.

हे कुणीही डोक्यात न भरवता लिहिणारा,
तुझा दादा