शिवण सरळ होती

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तब्येत ठीक आहे, वजनही भरलंय. तुझा गुडघा कसा आहे? पट्टा लावतेस ना?

नवा कायदा आलाय. दहा वर्षं वर्तणूक स्वच्छ असेल, तर माझ्यासारख्यांच्या फाशीची जन्मठेप होते. कायद्याचं पुस्तक मी स्वतः तीनदा वाचलं. वकिलांनी अर्जात कलम चुकवलं होतं, तेही मीच दाखवलं.

अकरा वर्षांत माझ्यावर एकच लाल शेरा आहे. तुरुंगाच्या शिवणखात्यात चाळीस सदऱ्यांची शिवण वाकडी गेली होती. ती मी न विचारता उसवली. "हुकूम मोडला," असं खात्याच्या मास्तरांनी लिहिलं.

काल ते म्हणाले, "शिवण सरळ होती, चूक माझी, एवढं लिहून दे. शेरा खोडतो. मान ताठ हवी की शाबूत, तूच ठरव, शहाण्या."

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. ताई, चार कागद फाडले. पाचव्यावर लिहून दिलं.

हे पत्र वकिलांच्या हाती देतोय, कारण इथलं टपाल आधी मास्तर वाचतात. तुला म्हणून सांगतो, टेपने मोजली होती, पाव इंच वाकडी होती. वाचलंस की पत्र जाळून टाक. मला जगायचंय.

तुझाच,
धाकटा