झाकणाची तार

आबा, आज क्लासमधल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, तुमच्या वडलांची बोटं कशी गेली हो?" छावणीतल्या आपल्या दुकानात मी आता बायकांना फोटोच्या फ्रेमचं काम शिकवते, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. सहा जणी येतात. मी नेहमीसारखं सांगून मोकळी झाले, "मशीनचं झाकण त्यांनीच तारेनं बांधून ठेवलं होतं. हट्टी माणूस!" बाया हळहळल्या. मी मात्र हातातला चहा तसाच खाली ठेवला, कारण ते खोटं आहे.

तुम्ही मला ते कटिंग मशीन कसं शिकवलंत! आठ दिवस लाकूड म्हणून कापू दिलं नाही. प्लग काढून ते माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "आधी वळख करून घे. सासरच्या माणसांची करून घेतेत तशी." मी म्हटलं, "सासरची माणसं चावत नाहीत." तर म्हणता, "लगीन होऊ दे, मग सांग." अजून दिसतं मला, तुम्ही हसताय, मिशीत भुसा अडकलाय, आणि एकेक भाग दाखवताय. हे फिरतं टेबल. पंचेचाळीसवर आलं की खट् वाजतं, तिथं नीट बसलं नाही तर फ्रेमचा कोपरा तोंड उघडून बसणार. ही मागची पट्टी. लाकूड हिला चिकटून पाहिजे. ही मूठ, हा खटका, हे पातं. आणि पात्यावरचं हे झाकण. मूठ दाबली की वर सरकतं, सोडली की आपोआप खाली येतं.

तुमचं झाकण मात्र कधी खाली आलंच नव्हतं. झाकणामुळं कापायची रेघ दिसत नाही म्हणून सगळे मिस्त्री करतात तसं तुम्हीही ते पहिल्याच दिवशी तारेनं वर बांधून टाकलेलं. पण मी मशीनला हात लावणार म्हटल्यावर तुम्ही पक्कड घेतलीत, तार सोडलीत आणि मला दम भरलात, "हे परत बांधलेलं दिसलं तर दुकानात पाय ठिवायचा नाय. माझं जाऊ दे, तुझी बोटं मला धड पाहिजेत." त्या दिवसापासून तुम्ही स्वतःही झाकण सोडूनच कापायला लागलात. डोळे बारीक करून, कुरकुरत, पण सोडूनच. लेकीसाठी इतकं कोण करतं हो?

आणि तुमच्या लेकीनं काय केलं? लग्नसराई होती, तुम्ही पाचोडला बाजाराला गेला होता आणि वीस फ्रेमा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. झाकण सारखं मधे येत होतं. आजच्यापुरतं म्हणून मी ते बांधलं. काम उरकलं आणि तार सोडायची विसरले. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत तुम्ही मशीन सुरू केलंत. लाकडाची पट्टी कापली, मूठ वर सोडली, आणि आता झाकण पडलंच असणार या भरवशावर उरलेला तुकडा उचलायला हात घातला. पातं अजून फिरत होतं. दोन बोटं गेली, आबा.

दवाखान्यात आई तुमच्यावर तोंड सोडून बोलत होती. "कितीदा सांगितलं, ते बांधत जाऊ नका म्हणून!" तुम्ही हाताच्या पट्टीकडं बघत म्हणालात, "व्हय, मीच बांधलं. जुनी सवय." मी दाराशी उभी होते. आईच्या हातातली औषधाची चिठ्ठी घेतली आणि खाली निघून गेले.

त्यानंतर नऊ वर्षं आपण शेजारी शेजारी काम केलं. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता तुम्ही नाही, हे लिहून कुणाला देणार आहे मी? पण कुठंतरी लिहिलं पाहिजे. मी स्वतःची समजूत घालत राहिले की आबांना खरंच विसर पडला असंल, त्यांना वाटत असंल आपणच बांधलं. असं मानणं सोपं होतं. तुम्हाला सगळं माहीत होतं असं मानलं असतं, तर तुमच्या पायावर डोकं ठेवावं लागलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. आज त्या बाईसमोरही नव्हती.