पान एकेचाळीसवरची हिरवी रेघ

सोमवार, ४

लिफ्टच्या देखभालीचं पुस्तक तपासायला आलं. ९६ पानं. भाषांतर असं, की वाचणाऱ्याने जन्मभर जिनाच चढावा. ‘दाराने स्वतःला बंद करून घ्यावे.’ का? रुसलंय दार?

सगळं ब्राउझरमध्येच करायचं. पिवळी रेघ म्हणजे भाषा चुकली, गुलाबी म्हणजे शंका. बाजूला नोंद लिहायची. कागद नाही, शाई नाही, मान मात्र पूर्वीसारखीच दुखते.

२९ तारखेला साहेब ठरवणार, मला कायम करायचं की अत्तररावांना. जागा एक, उमेदवार दोन. अत्तरराव शेजारच्या टेबलावर बसतात. ते यायच्या आधी पाच मिनिटं त्यांचा वास येतो.

बुधवार, ६

ताप. घरूनच काम केलं, सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. त्यांचा पत्त्यांचा डाव मध्येच बंद करावा लागला. “सॉरी हं बाबा.” — “हं.” लग्नाला आठ महिने झाले, आमचं एकूण संभाषण एवढंच.

त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. तरी माउस असा धरतात की पत्ता बरोबर जागेवर पडतो! बोटांचं नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. “कंपनीत झालं.” कुठली कंपनी, काय झालं — पुढे काही नाही. बापलेक दोघंही घुमे.

सोमवार, ११

पुस्तकात हिरव्या रेघा! मी हिरवा रंग वापरतच नाही. आणि नोंदी माझ्याच नावावर!

पान १२: ‘दोरी नव्हे, दोर. दोरीवर कपडे वाळत घालतात.’

पान १९: ‘हे लिहिणारा लिफ्टमध्ये कधी बसला असेल, पण ती त्याने उघडून पाहिलेली नाही.’

हसूच आलं. मग लक्षात आलं — हे अत्तररावांचं काम. माझा पासवर्ड मीच चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलाय. हुशारी उतू चालली होती ना तेव्हा! चिठ्ठी काढून टाकली.

बुधवार, १३

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “हिरव्या नोंदी फर्स्टक्लास. यंत्राची एवढी जाण आहे तुम्हाला, माहीत नव्हतं!”

मलाही माहीत नव्हतं. मान डोलावली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. अत्तररावांचा चेहरा मात्र पडला. म्हणजे त्यांचं काम नाही. मग कोणाचं? जाऊ दे. २९ पर्यंत कोणाचंही असू दे.

गुरुवार, १४

आणखी सात हिरव्या. मी आता आधी त्याच वाचते.

मंगळवार, १९

पान ४१. हिरवी रेघ, जाड. पुस्तकात आहे — पायरी ७: ब्रेक सैल करा. पायरी ८: केबिन आधार लावून अडकवा. नोंद: ‘उलटं आहे. आधी अडकवा, मग ब्रेक. असं छापलं तर कोणाचा तरी जीव जाईल.’

साहेबांचा पारा चढला. “लिफ्ट कंपनीने हे पान मंजूर केलंय. शुक्रवारी छपाई. कशावरून उलटं?”

मी काय सांगणार? कप्पाळ! ज्या नोंदीचा शेंडा-बुडखा मला ठाऊक नाही, तिच्यासाठी भांडायचं कसं?

“तुम्ही भाषा बघा. यंत्र बघायला कंपनीची माणसं आहेत. पुरावा नसेल तर नोंद काढा.” अत्तरराव कान टवकारून बसलेले.

काढली. एक क्लिक. जेवण गेलं नाही नंतर.

बुधवार, २०

पान ४१ वर पुन्हा हिरवी रेघ.

‘मी खोडलं नव्हतं. तू खोडलंस. परत लिहितो.’

आणि खाली: ‘चष्मा पुसायला तुझ्या टेबलावरचा निळा रुमाल घेतला. धुऊन ठेवलाय.’

ऑफिसातल्या टेबलावर माझा निळा रुमाल नाहीच. तो घरी आहे. तापाच्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर लॉग-इन केलं आणि लॉग-आउट करायचं विसरले! मी ऑफिसात शिरले की घरी सासरेबुवा माझ्या नावाने तपासायला बसतात.

घरी गेले. दोरीवर रुमाल. बाबा पत्ते खेळत होते.

“बाबा, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?”

“लिफ्टच्या.”

“मला कधी सांगितलं नाहीत!”

“विचारलं नाहीस.”

खरंच आहे. नवऱ्याला विचारलं, यांना नाही. आठ महिने एका घरात राहून मी या माणसाला फक्त ‘सॉरी हं’ म्हटलंय. लाज वाटली. उठताना ते म्हणाले, “दुसऱ्यांदा खोडू नकोस.”

गुरुवार, २१

साहेबांना सगळं सांगून टाकलं. हिरवं माझं नाही, सासऱ्यांचं आहे, कौतुक मी फुकट खाल्लं. पान ४१ चुकीचं आहे आणि त्यावर मी सही करणार नाही.

अत्तरराव खोकले. खोकला कसला, हसूच ते.

साहेब म्हणाले, “घरातलं माणूस म्हणालं म्हणून छपाई थांबवू? कंपनीला काय सांगू, आमच्या चेकरचे सासरे नाही म्हणतात? उद्या दुपारपर्यंत लेखी कारण द्या. नाहीतर पुस्तक जाईल, आणि तुमचंही बघावं लागेल.”

कायमची नोकरी गेल्यात जमा. आईला काय सांगू? मघाशी बाथरूममध्ये जाऊन रडले, अगदी नळ सोडून. संध्याकाळी बाबांना तोंडाने विचारायचा धीर होईना. त्यांच्या हाताकडेच नजर जात होती.

शुक्रवार, २२

सकाळी ऑफिसातून पान ४१ च्या नोंदीखाली लिहिलं: ‘बाबा, साहेब विचारतात, कशावरून?’

वीस मिनिटांनी हिरवं उत्तर उमटलं. साहेब माझ्या खुर्चीमागेच उभे होते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि स्वतः छापखान्याला फोन लावला. थांबवा म्हणाले. २९ तारखेचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

उत्तर इथे उतरवून ठेवते:

‘आमच्या पुस्तकातही असंच उलटं होतं. मी पेन्सिलीने शंका लिहिली होती. साहेब म्हणाले, कशावरून? मी खोडून टाकली. तेव्हा मला दहा बोटं होती.’