मंगळवार, गुरुवार, शनिवार

खालची वाडी, रत्नागिरी
सोमवार

प्रिय रुचिरा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं बरं आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतोय, आणि थांबला तरी ती सांगायची नाही. मोहोर यंदा चांगला आलाय, पण जरा मळभ आलं की ती अंगणात उभी राहून आभाळाला शिव्या घालते. फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. फोनवर तू म्हणतेस, ‘बाबा, जरा कामात आहे’, मी म्हणतो, ‘बरं बाय’, आणि दोघंही सुटलो एकदाचे म्हणून फोन ठेवतो. दिवाळीपासून हेच चाललंय. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

गेल्या महिन्यात बाजारात तुझी मैत्रीण स्वप्ना भेटली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागल्यापासून ती मांदेलीचा भावसुद्धा वर्गात उभी असल्यासारखी विचारते. तिच्याकडून कळलं, तू पीएचडीचं चौथं प्रकरण मागे घेतलंस. आपल्या बंदरावरच्या मासळीचं, तीन वर्षं खपून केलेलं. तुझ्या मॅडम म्हणाल्या म्हणे, बिघडलेली दोन वर्षं वगळ, का वगळली ते एका वाक्यात लिही, आणि पुढे चल. तू सांगितलंस, ‘ते कारण मला माहीत नाही.’ एक वाक्य लिहायचं नाही म्हणून अख्खं प्रकरण सोडलंस, आणि आता प्रबंध वर्षभर लांबणार. तुझी आई ऐकून म्हणाली, ‘पोरीने एवढं काम पाण्यात टाकलान, आणि का ते कुणाला सांगत नाही!’ मी उठून अंगणात गेलो. कारण मला माहीत होतं. तुलाही माहीत आहे, हेसुद्धा मला माहीत होतं.

दिवाळीत तू आलीस तेव्हा मी काय तोऱ्यात होतो! आकडे तू आधीच उतरवून घेतले होतेस, तरी पडताळायला म्हणून मच्छीमार सोसायटीच्या कपाटातून दहा वर्षांची रजिस्टरं मी स्वतः खांद्यावरून आणली. तीस वर्षं बंदरावर नोंदी केल्या, होडी लागली की लिलावाआधी मासळीचं वजन करून किलो लिहिले, पण पानावर एक खाडाखोड सापडायची नाही, हे मी तुला पंधरा वेळा तरी ऐकवलं असेल. तू हसून म्हणालीस, ‘कळलं हो बाबा.’ मग पडवीत आंबोळ्या खाता खाता मला तुझं काम समजावलंस. कोणी मला एवढ्या मानाने काही समजावल्याचं आठवत नाही. वारा किती, पाण्याची उष्णता किती, उधाणाची मोठी भरती होती की भांगाची लहान, होड्या किती गेल्या, हे सगळं सांगितलं की तुझा तो प्रोग्राम मासळीचा अंदाज करतो. खऱ्या आकड्यातून अंदाज वजा केला की जे उरतं, ते खरं बघायचं. तू म्हणालीस, हे रोजचं उरलेलं एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखं असायला हवं, कालच्याने आजच्याचा हात धरलेला नको. ते तपासायची डर्बिन-वॉटसनची चाचणी. आकडा दोनच्या आसपास आला तर ठीक, शून्याकडे झुकला तर आजचा दिवस कालच्याला चिकटलाय.

दहा वर्षांचा आकडा आला एक पूर्णांक चौसष्ट. तू म्हणालीस, थोडं चिकटणारच, काल बांगडा किनाऱ्याला होता तर आज लगेच जाईल कुठे? मला इतकं बरं वाटलं! पण तू थांबतेस कसली. एकेक वर्ष सुटं केलंस. आठ वर्षं शहाण्यासारखी पावणेदोनच्या पुढे. आणि दोन वर्षं, तू आठवी-नववीत होतीस ती, धाडकन एकाच्या जवळ. तू विचारलंस, ‘बाबा, तेव्हा वजनकाटा बदलला होता का?’ मी म्हटलं, ‘हो, बदलला असेल.’

काटा बदलला नव्हता गो. आणि तू ते वहीत लिहून घेतलंस, बाप सांगतोय म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला त्या पडवीत कळलं. उरलेली आंबोळी मी कुत्र्याला घातली.

तिसऱ्या दिवशी तू त्या दोन वर्षांतला एकेक वार सुटा केलास. मी आतून बघत होतो. तू पडद्यावरचे आकडे दोनदा तपासलेस, मग लॅपटॉप मिटलास आणि पुळणीवर, समुद्राकडे निघून गेलीस. जेवायला परत आलीस, आईच्या सोलकढीचं कौतुक केलंस, मला एक शब्द विचारला नाहीस, आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधी पुण्याला गेलीस. मी स्वतःला समजावलं, काम असेल. मग रजिस्टरं परत करायला काढली, तर जानेवारीतल्या एका गुरुवारच्या पानावर हात थांबला. हरिश्चंद्र तांडेल गेला तो गुरुवार. पहाटे चारला गेला. वाडीत मयत झालं की एकही होडी पाण्यात जात नाही, हे तुला काय सांगायचं. त्या दिवशी सगळ्या होड्या वाळूत होत्या. आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, बांगडा, तीनशे चाळीस किलो. त्या आकड्यापाशी तू पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह केलं होतंस आणि नंतर पुसलं होतंस. पुसलेल्या जागी कागद खरखरीत लागतो. मी तिथे कितीदा बोट फिरवलं कोण जाणे.

रजिस्टर नऊच्या आत सोसायटीत हवं असायचं, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी मी साडेनऊशिवाय परत यायचो नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचं पान भरून रजिस्टर सोसायटीत ठेवून यायचो. आदल्या दिवशीचाच आकडा, पाच-दहा किलो इकडे तिकडे. मनाला म्हणायचो, समुद्र काय एका दिवसात बदलतो? त्या गुरुवारी परत आलो, तर सगळ्या होड्या वाळूत. खोडता आलं असतं. पण खोडलं असतं तर पान खराब दिसलं असतं! बघ, कसला मूर्खपणा. खोटं लिहिलेलं चाललं, खाडाखोड चालेना.

आता एक गंमत ऐक. स्वप्ना भेटली त्या दिवशी घरी येऊन मी तू दिवाळीत वापरून इथेच ठेवलेला तुझा जुना लॅपटॉप उघडला. तुझी फाइल आणि तू लिहिलेल्या त्या ओळी तशाच होत्या. म्हटलं, आपण काय केलंय ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. एका बोटाने टंकतो मी, तुला माहीत आहे. एक स्वल्पविराम राहिला म्हणून तो प्रोग्राम तीन दिवस माझ्यावर लाल अक्षरांत खेकसत होता. सोसायटीच्या साहेबांनीही कधी एवढं सुनावलं नव्हतं. शेवटी स्वप्नाकडे गेलो, तिने ठरावीक वार कसे वगळायचे ते दाखवलं, का ते विचारलं नाही. शहाणी आहे. त्या दोन वर्षांचा आकडा आला एक पूर्णांक शून्य सहा. मंगळवार, गुरुवार, शनिवार काढले, तर एक्क्याण्णव! एक पूर्णांक एक्क्याण्णव. मी उठून उभाच राहिलो. तिला फोन केला तर म्हणते, ‘काका, घाई नको. मधले दिवस काढले की आकडा थोडा चढणारच, तेवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. चांगल्या वर्षांतले तेच वार काढून बघा.’ काढले. तिथे अठ्ठ्याहत्तरचा त्र्याऐंशी झाला, म्हणजे हलल्यासारखाच नाही. स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करताना एवढा हुरूप आलेला चोर मीच पहिला असेन.

पण खरं सांगू? तो आकडा बघताना मला लाजेच्याही आधी तुझं कौतुक वाटलं. तीस वर्षांत किती तपासनीस आले, चहा पिऊन पानांवर सह्या करून गेले, एकाला काही दिसलं नाही. तू त्या बंदरावर न जाता, नुसत्या उरलेल्या चिमूटभर आकड्यांतून मला बरोबर पकडलंस, वारासकट. कसलं डोकं आहे ग तुझं! आणि एवढं पकडून तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. तुझ्या आईला तर कळूच दिलं नाहीस. एवढी दानत कुठून आणलीस? माझ्याकडून नाही, हे आता शास्त्रानेच सिद्ध झालंय.

आगाशे बाईंच्या वर्गाबाहेर बसायचो तेव्हाही मला हेच वाटायचं. आठवड्यातून तीन दिवसांच्या गणिताच्या वर्गाला बाईंनी सकाळी साडेसहाशिवाय दुसरी वेळ द्यायला साफ नकार दिला होता. पहाटे साडेपाचची एसटी धरायची तर अंधारात पाखाडीच्या पायऱ्या चढून कातळाचा सडा ओलांडायचा, आणि आई म्हणाली, पोर एकटी जाणार नाही. मग मी बाईंच्या पायरीवर बसून राहायचो. तू आतून उत्तरं सांगायचीस ती कळायची नाहीत, पण तुझा आवाज कळायचा. एकदा तू म्हणालीस, ‘बाई, पुस्तकातलं उत्तर चुकलंय.’ वर्ग खो खो हसला. बाईंनी फळ्यावर गणित दोनदा सोडवलं आणि म्हणाल्या, ‘हिचं बरोबर आहे.’ मी पायरीवर बसल्या बसल्या चपला काढून पुन्हा घातल्या, काय करावं ते सुचेना म्हणून. परतीच्या एसटीत मी तुला विचारलं, भीती नाही वाटली? तू म्हणालीस, ‘भीती कसली, चुकलंच होतं ना.’ तेरा वर्षांची होतीस. तीच तू आज चुकलेलं उत्तर झाकून बसलीस, ते माझ्यासाठी. मला ते सोसवत नाही. बापाच्या नावासाठी तू खोटं बोलायला शिकावंस, एवढं काही ते नाव मोठं नाही.

आता आजच्या पत्राचं कारण. काल रविवारी सोसायटीच्या पन्नास वर्षांची सभा झाली. माझा सत्कार होता, निष्कलंक नोंदींबद्दल. आईने नवीन सदरा इस्त्री करून दिला होता. सोसायटीचे अध्यक्ष सखारामशेठ शाल उघडून माझ्याकडे यायला लागले, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हटलं, शाल घडी करा, आधी माझं ऐका. सगळं सांगितलं, हरिश्चंद्राच्या गुरुवारासकट. त्याचा मुलगा संदेश समोरच बसला होता, त्याने मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘मग ते तीनशे चाळीस किलो बांगडे खाल्लेस कुठे रे गंगाराम?’ थोडे हसले, बरेच नाही हसले. सखारामशेठनी सत्कार रद्द असं इतिवृत्तात लिहायला लावलं, आणि बरोबर केलं. गुडघा दुखत असूनही आई माझ्या चार पावलं पुढे चालत घरी आली. घरी आल्यावर म्हणाली, ‘तुम्ही पोरीला एकटं सोडायला हवं होतंत, असं कोणी म्हणालं तर मला सांगा.’ सोबत एकशे सत्त्याऐंशी तारखांची यादी जोडली आहे. सोसायटीचा शिक्का आहे आणि खाली माझी सही. म्हणजे आता झाकायला तुझ्यापाशी काही उरलेलं नाही, प्रकरण परत घे. मॅडमना हवं असलेलं ते एक वाक्य मी तुझ्यासाठी लिहून ठेवलंय, भाषा सुधार, पण नाव गाळू नकोस: ‘या तारखांना नोंदी ठेवणारे कारकून गंगाराम बंदरावर हजर नव्हते, ते आपल्या मुलीला गणिताच्या वर्गाला घेऊन गेले होते.’

तुझाच,
बाबा