कारल्याच्या भाजीतली पावडर

भोसरी, शुक्रवार

प्रिय अक्का,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. एकच खोली, त्यात हे दिवसभर घरात. आमचा सुजित उद्या गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. एकटी असताना वाच.

यांच्या फुप्फुसाचा कॅन्सर शेवटच्या पायरीवर गेल्यावर नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये नाव लागलं, ते तुला ठाऊकच आहे. रोजची गोळी, आणि तीन आठवड्यांनी सलाइनमधून दुसरं औषध. दोन्ही मिळून जास्त गुण येतो का, ते बघतायत. तीन महिन्यांत लिंबाएवढी गाठ सुपारीएवढी झाली गं. हे परत लेथवर उभं राहायच्या गोष्टी करायला लागले होते.

तू वैद्यबुवांची पावडर पाठवलीस. दुसरं काहीही द्यायचं नाही, असं दवाखान्यात सही घेतानाच बजावलं होतं. पण जिवावर बेतल्यावर माणूस काय करत नाही? कडू म्हणून मी ती कारल्याच्या भाजीत घालत गेले. बाजारात भाज्यांचा दुष्काळ पडलाय का, म्हणून हे रोज चिडवायचे. गाठ उतरली तेव्हा मला वाटलं, हा आपल्या पावडरीचाच गुण. तुला बोल लावत नाही, अक्का. मागून घेतली ती मीच.

या मंगळवारी यांच्या लिव्हरचे आकडे चौपट आले. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. नव्या औषधानेच बिघडलं, असं त्यांना वाटतंय. पुढच्या मंगळवारी आकडे उतरले नाहीत तर ट्रायलमधून नाव काढणार, आणि मग यांना द्यायला दुसरं काही उरलेलं नाही. पावडर द्यायची भीती, थांबवायचीही भीती. काल अर्धा चमचा घातली, मग ती भाजी तशीच टाकून दिली आणि यांना नुसतं वरण वाढलं.

त्या पावडरीत काय काय आहे, ते वैद्यबुवांकडून कागदावर लिहून घे. कुरकुर करतील, पाया पड, पण सोमवारी सुजितबरोबर कागद आला पाहिजे. मंगळवारी मी सगळं सांगणार आहे. घरचं काही औषध देता का, असं बाईंनी मला विचारलं होतं. माझ्याआधी हेच बोलले. म्हणाले, हिने पंचवीस वर्षांत माझ्यापासून काही लपवलेलं नाही, हिच्या हातचं खातो म्हणून तर उभा आहे. मंगळवारी हे माझ्या शेजारीच बसलेले असतील.

तुझीच घाबरलेली,
स्वरूपा