तेविसावी लिंक

सोमवार, १२ जानेवारी

कागदा, काल मी कुठे थांबले होते? बघ, विसरलास! मला एक अक्षर येत नाही, पण बावीस गाणी शब्दन् शब्द पाठ. मी फोनशी बोलते आणि तू उमटतोस – अंगभर अक्षरं, पण लक्षात काडीचं नाही!

एनिस गावच्या ग्रंथालयाचं वेबपान शुक्रवारी बंद होणार. आमच्या आयरिश भटक्या लोकांची बावीस गाणी त्यावर आहेत. त्यात माझ्या गेलेल्या नवऱ्याची, मार्टिनची तीन. त्याचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही.

नात केसी म्हणाली, "घाबरू नकोस आजी. लिंका कशा दिसतात त्याचा एक साचा लिहिते. पानाच्या पोटात शिरून सगळ्या लिंका वेचून आणेल."

साचा मला कळतो. बाबा साच्यावरच पत्रा कापायचे.

मंगळवार, १३

साच्याने आणली एकच लिंक! पहिल्या लिंकेच्या तोंडापासून शेवटच्या लिंकेच्या शेपटापर्यंत – अख्खं पान एका घासात.

"हावरा आहे गं, आजी."

"तुझ्या आजोबांवर गेलाय. समोरचं ताट कुणी उचलून नेल्याशिवाय उठायचे नाहीत."

तिने साच्यात एक प्रश्नचिन्ह घातलं. आता लिंक जिथे संपते तिथेच थांबतो म्हणे. एवढंसं चिन्ह! मार्टिनला लावायला हवं होतं.

बुधवार, १४

आज साच्याने आणली एकोणीस गाणी. मार्टिनची तिन्ही गायब!

केसीने शोधलं. त्या लिंका कुणीतरी कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या, आणि साचा बघत होता फक्त लहान. मला तर दोन्ही सारखीच! साच्यालाही तेच शिकवलं.

आली तेवीस.

तेवीस?

गुरुवार, १५

"पडद्यावर बावीसच दिसतात, आजी. एक ओळ कुणीतरी पानातच झाकून ठेवलीय, तीही कॅपिटल अक्षरांतली. साच्याला झाकलेलं-उघडं कळत नाही, सरसकट आणतो. कुणाचं गाणं हे?"

"बटाटे सोल," म्हटलं.

तुला सांगते. मेगचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. आमच्यात ज्याचं गाणं त्यानेच म्हणायचं. आईने मला दिलेलं गाणं मेगने ग्रंथालयाच्या रेकॉर्डिंगच्या मशिनपुढे म्हटलं – मी तापाने आडवी असताना! ग्रंथालयातल्या बाईला मीच सांगितलं, झाकून टाक. मी ते ऐकलंसुद्धा नाही. अकरा वर्षं मेगशी बोलणं नाही.

शुक्रवार, १६

सगळी गाणी फोनमध्ये उतरवून झाली. मार्टिनही. मग तेविसावं ऐकलं.

गाण्याआधी मेग म्हणते, "हे माझ्या थोरल्या बहिणीचं, विनीचं गाणं. ती आजारी आहे, म्हणून तेवढ्यापुरतं धरून ठेवतेय. बरी झाली की तिचं तीच म्हणेल."

मेग, आजचं पान तुझं. केसी लिमरिकला तुझ्या घरी येऊन वाचून दाखवेल. तिच्या हाती मनुकांचा ब्रॅक, तो आपला गोड पाव, पाठव – मनुका चहात नीट भिजवून, आईसारखा. वर लावायला लोणी नको पाठवू. लोणी आहे.